युनिटमागे खरा खर्च किती? वीजनिर्मितीचा हिशेब मांडायची रीत

सोलरचा एजंट म्हणतो, युनिट ९७ पैशांना पडेल. बातमीत येतं, सौर प्रकल्पाची वीज तीन रुपयांना. दालमिलवाला सांगतो, जनरेटरचं युनिट तीस रुपयांच्या खाली येत नाही. आणि घरच्या बिलाच्या रकमेला युनिटांनी भागलं की चौथाच आकडा निघतो. यातलं कुणी खोटं बोलत असेलच असं नाही. प्रत्येकाने खर्च वेगळ्या जागी, वेगळ्या वेळेचा आणि वेगळ्या खिशातून मोजलेला असतो.

गावाच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनीवर सौर प्रकल्पाचा प्रस्ताव आलेले सरपंच, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, जिनिंग किंवा राइस मिलवाले, छतावर पॅनल बसवू पाहणारं घर, यांपैकी तुम्ही कुणीही असा, हिशेबाची रीत तीच. सातवी-आठवीचं गणित पुरतं. खालच्या उदाहरणांत जिथे 'समजा' म्हटलंय तिथे तुमच्या कोटेशनमधला आकडा घाला.

१. आधी कागद जमवा

- मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं. एकच बिल चालत नाही: मे महिन्यात कुलर असतो, जानेवारीत नसतो, जिनिंग तर दसऱ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावते.
- बिलावरचे स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे रकाने वेगळे लिहून काढलेले.
- किमान तीन कोटेशन. प्रत्येकात पॅनलचे वॅट, इन्व्हर्टरचे (पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या यंत्राचे) किलोवॅट, स्ट्रक्चर, केबल, अर्थिंग, नेट मीटर (दिलेली-घेतलेली वीज दोन्ही मोजणारा) आणि जीएसटी वेगवेगळे हवेत. 'सगळं मिळून अमुक' असं एका ओळीचं कोटेशन परत पाठवा.
- जनरेटर असेल तर डिझेलची वही आणि त्याचा तासांचा मीटर.
- कर्ज घेणार असाल तर बँकेचं मंजुरीपत्र. व्याजदर आणि मुदत त्यावरून घ्यायची, एजंटच्या तोंडून नव्हे.
- जमिनीचा प्रकल्प असेल तर सातबारा, आठ-अ आणि जवळच्या उपकेंद्रापर्यंतचं तारेच्या वाटेने अंतर. नकाशावरचं सरळ अंतर कामाचं नाही. नाला आणि वनखात्याची जमीन आडवी आली की वाट लांबते.

कोटेशनवरची तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सौर साहित्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुन्या दराचं कोटेशन अजून कुणाच्या फायलीत पडलेलं असू शकतं.

२. खर्च कुठे मोजायचा ते ठरवा

विजेला तीन जागी तीन किमती असतात: केंद्राच्या फाटकावर, गावाजवळच्या उपकेंद्रावर आणि तुमच्या मीटरवर. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रातून निघालेलं युनिट सिरोंच्याच्या घरात पोचेपर्यंत त्यावर उच्चदाबाच्या तारा, रोहित्रं, गळती, वसुली आणि दुरुस्ती यांचा खर्च चढतो. छतावरचं युनिट मात्र मीटरच्या आतच तयार होतं.

म्हणून छतावरच्या सोलरची तुलना कोळसा केंद्राच्या फाटकावरच्या दराशी करू नका. ती तुमच्या बिलातल्या त्या रकान्यांशी करा, जे युनिट कमी झाल्यावर कमी होतात: वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं शुल्क. स्थिर आकार पॅनल लावले तरी भरावाच लागतो. तो बचतीत धरणं ही कोटेशनवाल्यांची सगळ्यात जुनी चूक. चूक म्हणणंही सौम्यच.

उलट, गावाच्या जमिनीवरचा मेगावॅटचा प्रकल्प आणि कोळसा केंद्र ही जोडी फाटकावर तोलायची.

३. युनिट मोजा, किलोवॅट नव्हे

एक किलोवॅटचं यंत्र तासभर पूर्ण जोराने चाललं की एक युनिट. वर्षात ८,७६० तास. पण कुठलंच यंत्र तेवढे तास पूर्ण जोराने चालत नाही, आणि तिथेच तंत्रज्ञानाचा कस लागतो. अणुकेंद्र नीट चाललं तर यातले ८० ते ९० टक्के तास वसूल करतं. कोळशाचा संच मागणी, कोळसा आणि पाणी असेपर्यंत ७० ते ८५ टक्के. छतावरचं सोलर जेमतेम १६-१७ टक्के.

विदर्भात छतावरच्या एका किलोवॅटला वर्षाला १,४०० युनिट धरा. १,६०० लिहिलेलं कोटेशन दिसलं तर आधार विचारा. मेगावॅटच्या जमिनीवरच्या प्रकल्पात १,७५० पर्यंत जाता येतं, कारण तिथे कोन बरोबर असतो, सावली नसते, धुणं नियमित असतं आणि इन्व्हर्टरच्या क्षमतेपेक्षा जास्त पॅनल लावलेले असतात.

'आपल्याकडे ऊन भरपूर, म्हणजे वीजही भरपूर' हा समज इथे महागात पडतो. पॅनलला उजेड हवा, उष्णता नको. पॅनलची छापील क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे हवा ४५-४६ अंशांवर असते तेव्हा टिनाच्या छताला चिकटवलेल्या पॅनलची काच ७० अंशांच्या आसपास तापते. दर अंशामागे ०.३५ ते ०.४ टक्के घट, म्हणजे ४५ अंशांच्या फरकाला साधारण १६ ते १८ टक्के वीज तिथेच गेली. पॅनल आणि टिन यांच्यात वीतभर मोकळी जागा ठेवली की खालून वारा खेळतो आणि यातली काही घट वाचते. स्ट्रक्चरवर पैसे वाचवायला पॅनल टिनाला टेकवून बसवणारा कारागीर दिसला तर काम थांबवा.

दुसरी घट धुळीची. घुग्घुस, वणी, बल्लारपूर पट्ट्यात कोळशाची भुकटी, जिनिंगजवळ सरकीची लव, रस्त्याकाठी मुरमाची धूळ. पावसाळ्यात पाऊसच धुऊन काढतो. नोव्हेंबर ते मे पंधरा दिवसांतून एकदा पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, तडा जातो. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर काचेवर पांढरे डाग धरतात. शेवटचा हात मऊ कापडाने कोरडा फिरवा.

पवनऊर्जा इथे लवकर निकालात निघते. वाऱ्याची ताकद वेगाच्या घनावर चालते: सेकंदाला ६ मीटर वाऱ्यात जेवढी शक्ती, तिच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी ४ मीटर वाऱ्यात. साताऱ्याच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या आणि विदर्भाच्या सपाटीवर राहिल्या नाहीत, त्याचं कारण हे. छतावरच्या छोट्या पवनचक्कीचं कोटेशन आलं तर चहा पाजून पाठवणी करा.

४. भांडवल वर्षांवर पसरवा

नवखा माणूस हमखास इथे फसतो. एकूण किंमत भागिले आयुष्यभराची युनिटं, असा भागाकार करून मोकळा होतो. पण आज घातलेला रुपया व्याज मागतो, मग तो बँकेचा असो की स्वतःच्या ठेवीतला. म्हणून भांडवलाचा वार्षिक हप्ता काढायचा. प्रत्येक १ लाखामागे वर्षाला साधारण एवढा:

- १० वर्षं: ८ टक्क्यांनी १४,९०३ रुपये; ९ टक्क्यांनी १५,५८२; १० टक्क्यांनी १६,२७५
- १५ वर्षं: ११,६८३, १२,४०६, १३,१४७
- २० वर्षं: १०,१८५, १०,९५५, ११,७४६
- २५ वर्षं: ९,३६८, १०,१८१, ११,०१७

(मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये 'पीएमटी' नावाचं सूत्र हेच काम करतं.)

आता ३ किलोवॅटचं छतावरचं सोलर घेऊ. समजा किंमत १,८०,००० रुपये, व्याज ९ टक्के, आयुष्य २५ वर्षं. वार्षिक हप्ता १८,३२६ रुपये. धुणं आणि किरकोळ दुरुस्तीचे २,५०० आणि इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावा लागतो त्याची दरवर्षीची पुंजी २,०००. एकूण २२,८२६. युनिटं पहिल्या वर्षी ४,२००. पॅनल दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का म्हातारे होतात, म्हणून २५ वर्षांची सरासरी ३,९०० धरा. भागाकार: युनिटमागे ५ रुपये ८५ पैसे.

पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० मिळतं. ते वजा केलं की भांडवल १,०२,००० आणि युनिट ३ रुपये ८२ पैसे.

आणि एजंटचे ९७ पैसे? १,०२,००० भागिले २५ वर्षांची १,०५,००० युनिटं. व्याज शून्य, धुणं शून्य, इन्व्हर्टर अमर आणि पॅनल चिरतरुण. हा भागाकार समोर बसून करून दाखवा. पुढचं बोलणं बरंच सरळ होतं.

तंत्रज्ञानांची तुलना करायची तर ५.८५ वापरा, कारण अनुदान हाही कुणाच्या तरी खिशातला पैसा आहे. घरात पॅनल बसवायचे की नाही हे ठरवायचं तर ३.८२. दोन्ही आकडे कागदावर शेजारी ठेवा, पण एकमेकांत मिसळू नका. दालमिल, जिनिंग अशा व्यवसायाला हे घरगुती अनुदान नाही.

गावच्या जमिनीवरच्या प्रकल्पाचं गणित असंच. समजा मेगावॅटला ४ कोटी, म्हणजे किलोवॅटला ४०,०००. १० टक्के आणि २५ वर्षांनी वार्षिक ४,४०७, देखभाल ६००. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीचं भाडं हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये आहे आणि दरवर्षी त्यात ३ टक्के वाढ. मेगावॅटला चारेक एकर लागतात, म्हणजे किलोवॅटमागे २०० रुपये. एकूण ५,२०७ भागिले १,७५० युनिटं: २ रुपये ९८ पैसे. बातमीतले तीन रुपये हे इथून येतात. यात जमिनीचा वाटा जेमतेम ११ पैशांचा आहे, हे भाड्याच्या वाटाघाटीला बसताना लक्षात असू द्या.

डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैशांचा दर आला होता. तो आजही व्हॉट्सअॅपवर फिरतो. तो मोठ्या प्रकल्पाचा, त्या वेळच्या व्याजाचा आणि पॅनलच्या त्या वेळच्या भावाचा दर होता. दालमिलच्या छताशी त्याचा संबंध नाही.

५. इंधन तोला

डिझेल: जनरेटरची टाकी काठोकाठ भरा. माहीत असलेला भार तासभर चालवा, युनिटचा मीटर लिहून ठेवा, आणि टाकी पुन्हा काठापर्यंत भरायला किती लिटर लागलं ते मोजा. मधल्या आकाराचा जनरेटर चांगल्या भारावर लिटरला ३ ते ३.५ युनिटं देतो. पाव भारावर चालवला तर दोनच्या आसपास घसरतो, आणि गावाकडे बहुतेक जनरेटर गरजेपेक्षा मोठे घेतलेले असतात. लिटरला ९० रुपये धरले तर ३ युनिटांच्या हिशेबाने नुसतं डिझेलच ३० रुपये. वर ऑइल, फिल्टर आणि माणूस. पण वर्षातून ५० तास लागणाऱ्या विजेसाठी जनरेटरचं कमी भांडवल त्याच्या बाजूने उभं राहतं. म्हणून तो मिलच्या मागे टिकून आहे.

कोळसा: संचाला एक युनिट बनवायला साधारण २,४०० किलोकॅलरी उष्णता लागते. किलोमागे ३,६०० किलोकॅलरीचा कोळसा असेल तर युनिटला ६६७ ग्रॅम. समजा पोचता भाव टनाला ३,००० रुपये. इंधन २ रुपये. केंद्राचे पंखे, पंप आणि गिरण्या स्वतःच ८ टक्के वीज खातात, म्हणून बाहेर पडणाऱ्या युनिटमागे २ रुपये १७ पैसे. आता भांडवल. समजा नव्या संचाला किलोवॅटमागे १ लाख. १० टक्के, २५ वर्षं. देखभाल २,५०० रुपये. संच ८० टक्के चालला तर एकूण ४ रुपये २७ पैसे. तोच संच ५५ टक्के चालला तर ५ रुपये २२ पैसे. दुपारी सोलर जसं वाढतं तसे कोळशाचे संच अर्ध्या जोराने चालवावे लागतात, आणि हा वरचा रुपया तिथे चढतो.

हे झाले आजच्या भावाने. कोळसा दरवर्षी ४ टक्क्यांनी महागला तर आजचे २.१७ रुपये २५ वर्षांच्या व्याजासहित सरासरीत ३ रुपयांच्या घरात जातात. सोलरला हा काटा नाही. त्याचं सगळं दुखणं पहिल्या दिवशी.

इथे एक फसवी तुलना फार चालते: जुना संच विरुद्ध नवा प्रकल्प. ज्या संचाचं कर्ज फिटलंय त्याला फक्त कोळसा आणि देखभाल, म्हणून तो स्वस्त दिसतो. नव्या सोलरशी तुलना नव्या कोळशाची करा. जुना संच चालू ठेवायचा की नाही हा वेगळा प्रश्न, त्याचा कागद वेगळा. आणि कोळसा कुठून येतो तेही बघा: चंद्रपूरचं केंद्र खाणींच्या कुशीत आहे, अकोल्याजवळच्या पारसला वाहतूक जास्त पडते. राख हाही खर्चच. आपल्या कोळशात ती ३० ते ४० टक्के.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं), तुराट्या (तुरीच्या काड्या), कोंढा (भाताची टरफलं): वावरात जळून जाणारी पऱ्हाटी फुकट वाटते. धुऱ्यावर ती फुकटच असते. उपटणं, तोडणं, कुट्टी करणं, भरणं आणि वाहणं यानंतर नसते. छोट्या बायोमास केंद्राला युनिटमागे १.२ ते १.५ किलो वाळलेला माल लागतो. समजा पोचता भाव किलोला ३ रुपये, तर इंधनच चार रुपयांच्या आसपास. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि आकाराला अवाढव्य. ट्रॉली दिसायला भरते, काट्यावर भरत नाही. म्हणून २०-२५ किलोमीटरपलीकडून आणणं सहसा परवडत नाही. माल दोन-तीन महिन्यांत येतो आणि वर्षभर लागतो. साठवणीला शेड, आगीचा विमा आणि पावसापासून आडोसा हवा. ओला माल घेतला तर पाण्याचे पैसे मोजता आणि तेच पाणी उडवायला उष्णताही घालवता, म्हणून खरेदी ओलाव्याच्या टक्केवारीवर करा. भंडारा-गोंदियाचा राइस मिलवाला इथे नशीबवान: कोंढा त्याच्या दारातच पडतो. पऱ्हाटी वेळेत वावराबाहेर गेली तर गुलाबी बोंडअळीचा आसरा मोडतो. तो फायदा खरा आहे, पण विजेच्या खात्यात धरू नका.

शेणाची वीज: एका मोठ्या जनावराचं दिवसाला १० किलो शेण धरलं तर अडीच जनावरांमागे रोज एक घनमीटर गॅस, आणि त्यातून दीड युनिटाच्या आसपास वीज. दहा ढोरांच्या गोठ्याला सहा युनिटं. तेवढ्यासाठी इंजिन घेऊ नका, गॅस चुलीवर जाळा. गोशाळा किंवा मोठी डेअरी असेल तरच वीज. तेव्हाही गॅसमधला गंधक काढायची लोखंडी चुऱ्याची टाकी हवीच, नाहीतर इंजिनाचे बेअरिंग आणि ऑइल लवकर जातं.

६. सोलर पंपाचं गणित वेगळं का

५ एचपीच्या पंपावर ४.८ किलोवॅटचे पॅनल असतात. ते वर्षाला ६,७२० युनिटं देऊ शकतात. पण चणा-गव्हाचं पाणी संपलं, पाऊस लागला, की पंप उभा. समजा प्रत्यक्षात २,५०० युनिटंच वापरली. किंमत ३ लाख धरली तर ९ टक्के, २५ वर्षांनी हप्ता ३०,५४३, देखभाल ३,०००. पूर्ण वापर झाला असता तर युनिट ५ रुपयांना. प्रत्यक्षात १३ रुपये ४२ पैसे. वरूड-मोर्शीच्या संत्रा बागेत पंप जवळजवळ वर्षभर चालतो, तिथे हाच पंप निम्म्या खर्चात बसतो. यंत्र एकच, वावर वेगळं.

कास्तकाराच्या खिशाचा हिशेब आणखी निराळा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटाला किमतीच्या १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के हिस्सा भरायचा असतो. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ आणि त्यावर साडेसात. दुसऱ्या बाजूला बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ या काळात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना बिल नाही. म्हणजे शेतकऱ्याला शून्य रुपये पडणारं युनिट बनवायला आणि पोचवायला कुणाला तरी पैसे पडतातच. या जागी रुपयांची तुलना संपते आणि वेळेची सुरू होते: रात्रीच्या पाळीत वाघ-बिबट्याच्या पट्ट्यात ओलिताला जायचं की दिवसा, हा फरक युनिटच्या दरात कुठेच दिसत नाही. तो कागदावर वेगळ्या ओळीत लिहा.

७. कोणत्या वेळची वीज?

दुपारचं युनिट आणि संध्याकाळी सातचं युनिट हे एकच वाण नव्हे. नेट मीटर असेल तोवर हा फरक ग्रिड सांभाळतं. तुम्हाला रात्रीची वीज स्वतःची हवी असेल तर बॅटरीचा हिशेब जोडा.

समजा लिथियम बॅटरी साठवणक्षमतेच्या युनिटमागे १५,००० रुपयांना बसली, आयुष्य १० वर्षं, ९ टक्के: वार्षिक २,३३७ रुपये. वर्षात ३३० दिवस ९० टक्क्यांपर्यंत वापरली तर २९७ युनिटं. साठवणीचाच खर्च ७ रुपये ८७ पैसे. वर सोलरचं युनिट, आणि भरता-काढताना १३ टक्के गळती धरली तर ५.८५ चे ६.७२ होतात. बेरीज साडेचौदा रुपये. तीच बॅटरी फक्त भारनियमनाच्या ६० दिवसांसाठी ठेवली तर साठवणीचे ४३ रुपये. तेवढ्या कामाला डिझेल स्वस्त. बॅटरी रोज राबवणाऱ्यालाच परवडते.

मोठ्या बॅटरीचे भाव मात्र कोसळले आहेत. २०२२ मध्ये देशातल्या पहिल्या मोठ्या निविदेत मेगावॅटला महिन्याला १०.८४ लाख रुपये दर आला होता. २०२५ मध्ये दोन तासांच्या बॅटरीचे दर अडीच लाखांच्या खाली गेले. समजा २.२ लाख: मेगावॅटला दोन तास म्हणजे २,००० युनिटं, रोज एक फेरी धरली तर महिन्याला ६०,०००. साठवणीचे ३ रुपये ६७ पैसे. रोज दोन फेऱ्या झाल्या तर निम्मे. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचा तुलनेचा तक्ता कुणी पुढे केला तर बॅटरीची ओळ खोडूनच वाचायला घ्या.

८. आपल्याकडे अजून न आलेली तंत्रज्ञानं

अणुवीज: इंधन हलकं, भांडवल जड. समजा किलोवॅटला दीड लाख, ४० वर्षं, १० टक्के: वार्षिक १५,३३९, ८५ टक्के चालून स्वतःचा वापर वजा जाता ६,७०० युनिटं, भांडवलाचा वाटा २ रुपये २९ पैसे. पण बांधकाम दहा वर्षं चाललं आणि पैसा सरासरी पाच वर्षं अडकून राहिला, तर १० टक्क्यांचं चक्रवाढ १.६१ पट: वाटा ३ रुपये ६९ पैसे. त्यावर इंधन आणि देखभाल. अणुकेंद्राच्या दराचा अंदाज वाचताना किंमत नंतर बघा, बांधकामाची वर्षं आधी.

लहान अणुभट्ट्यांसाठी केंद्राने २०२५ च्या अर्थसंकल्पात २०,००० कोटी ठेवले आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी भट्ट्या चालू करण्याचं लक्ष्य दिलं. त्यांचा दर आत्ता कुणी छातीठोक सांगत असेल तर अमेरिकेतल्या नुस्केल या लहान अणुभट्टीवाल्या कंपनीचं उदाहरण पुढे ठेवा: ठरलेला दर मेगावॅट-तासाला (म्हणजे १,००० युनिटांना) ५८ डॉलर होता, तो बांधकामाआधीच ८९ वर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रकल्प रद्द झाला. पहिल्या नगाच्या कागदी किमतीवर मी म्हणेन निदान ५० टक्के चढवा.

हायड्रोजन: एक किलो बनवायला ५० ते ५५ युनिटं, आणि त्यातून परत वीज काढली तर १६-१७ हाती. तीन रुपयांचं युनिट घातलं तरी बाहेर येताना नऊ-दहाचं, यंत्रं अजून धरलीच नाहीत. खत आणि पोलादाला तो हवा आहे. गावाच्या विजेला नको.

९. तक्ता मांडा आणि हलवून बघा

एका कागदावर प्रत्येक पर्यायाच्या ओळीत भांडवल, व्याज, आयुष्य, वर्षाची युनिटं, इंधन, देखभाल, मोजण्याची जागा, वेळ, आणि अनुदानाशिवाय व अनुदानासह असे दोन दर. मग तीन धक्के द्या: व्याज २ टक्क्यांनी वाढवा, युनिटं १० टक्क्यांनी घटवा, इंधन २० टक्क्यांनी महाग करा. क्रम बदलला नाही तर निर्णय पक्का. बदलला तर ज्या आकड्याने बदलला तो आकडा पुन्हा पडताळा. बहुधा तो युनिटांचाच निघतो. विमा विसरू नका: फेब्रुवारी-मार्चची गारपीट आणि मे-जूनची वावटळ विदर्भात दर वर्षी कुठे ना कुठे पॅनल उडवते, आणि वानरांचा त्रास असेल त्या गावात काचेचा तडा वॉरंटीत बसत नाही.

१०. वर्षभराने पडताळा

दर महिन्याच्या एक तारखेला इन्व्हर्टरवरची एकूण युनिटं वहीत लिहा. वर्षाअखेर अंदाजाच्या ९० टक्क्यांहून कमी भरली तर या क्रमाने बघा. आधी धूळ: एक पॅनल धुऊन शेजारच्याशी ताडून बघा. मग सावली: दोन वर्षांत वाढलेला कडुनिंब, नवी पाण्याची टाकी, डिशची छत्री, एका पॅनलवरची सावली एकात एक जोडलेल्या पॅनलांची पूर्ण माळ खाली ओढते. मग ग्रिड: पुरवठा गेला की साधं सोलर मुद्दाम बंद पडतं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. म्हणजे दिवसाचं भारनियमन थेट तुमची युनिटं खातं. फीडरच्या टोकाला असाल तर व्होल्टेजही बघा: पंप सुरू झाले की ते कोसळतं, बंद झाले की चढतं, आणि दोन्ही वेळा इन्व्हर्टर हात वर करतो. इन्व्हर्टरच्या पडद्यावर चुकांची यादी असते. दुपारी अकरा ते दोनच्या वेळात व्होल्टेजची नोंद वारंवार दिसली तर तिचे फोटो तारखेसह काढा आणि उपविभागीय कार्यालयात रोहित्राचा टॅप बदलून मिळण्याचा लेखी अर्ज द्या, पोच घेऊन. शेवटी उंदीर: केबल पाइपात नसेल तर पत्र्याखाली कुरतडलेली जागा हमखास सापडते. यातलं काहीच नसेल, तर अंदाजच चढा होता. वहीतला आकडा घेऊन चौथ्या पायरीचा भागाकार पुन्हा करा.